आज वास न्हाई

माझा धंदा नेमका काय, हे मी आईला तीन वेळा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "म्हणजे न झालेला धूर विकतोस होय रे तू?" आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली. मला राग आला. पुण्यात दोन वर्षं घालवून, इंग्रजीत परीक्षा देऊन मी जे शिकलो होतो, ते आमच्या आईनं, चंदनबालाबाईंनी, भाकरी थापता थापता चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

पण ती बोलली ते बरोबर होतं. साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की खाली काळा चिखल उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. तो उघड्यावर ढीग घालून ठेवला की कुजतो, आणि त्यातून मिथेन वायू निघून वर जातो. जयपालकाकांनी, म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावानं, इस्लामपूरच्या बाजूला माळावर प्लांट टाकला. तिथं हा चिखल बंद टाकीत कुजवायचा आणि त्यातला गॅस साफ करून गाड्यांच्या पंपांना पाठवायचा. गॅस काका विकतात. जो मिथेन आमच्यामुळं वर गेला नाही, त्याचे टन मोजले जातात, बाहेरचे तपासनीस येऊन ते मान्य करतात आणि प्रत्येक टनाचा एक दाखला मिळतो. त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. ते मी विकतो. घेणारी कुठली तरी परदेशी विमान कंपनी असते, नाहीतर कुठला तरी बूट करणारा. त्यांचा धूर चालूच राहतो. आमचा न झालेला धूर ते विकत घेतात आणि स्वतःच्या अहवालात एक हिरवं पान छापतात.

आज मी हे कुजकेपणानं सांगतोय. वर्षापूर्वी मी हेच छाती पुढं काढून सांगायचो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यालासुद्धा सोडायचो नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या प्लांटवरचा ऑपरेटर राजरत्न चौदा ऑगस्टला गॅसनं मेला. त्यानंतर सरकारी चौकशी लागली. गॅस गळतोय हे राजरत्ननं आधी कुणाला सांगितलं होतं का, एवढाच त्या चौकशीत खरा प्रश्न होता. सांगितलं असेल तर दोष आमचा. नसेल तर तो परवानगीशिवाय स्वतःहून खड्ड्यात उतरला आणि स्वतःच्या चुकीनं मेला, असं कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं. उत्तर माहीत असलेला जिवंत माणूस एकटा मी होतो.

आमचं ऑफिस सांगलीच्या मार्केट यार्डात, जुन्या दुकानाच्या माडीवर. खाली अजून हळदीची अडत चालते. तीन पिढ्या चालते. मी लहानपणापासून त्या पिवळ्या धुळीत शिंकत वाढलो आणि शाळेच्या आधी तिथलं शहाणपण शिकलो. हळदीचं पोतं शेतावरून निघतं तेव्हा एक वजन असतं, दुकानात उतरतं तेव्हा दुसरं आणि गोदामातून बाहेर पडतं तेव्हा तिसरं. ओल जाते, माती झडते, थोडी सांडते. त्याला तूट म्हणतात. शंभराला दोन धरायची आणि पुढं चालायचं. तूट गेली कुठं, असं विचारत बसणाऱ्याला यार्डात कुणी दारात उभं करत नाही. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली होती की मी ती कधी सवय म्हणून बघितलीच नाही.

राजरत्न आयटीआय झालेला. मीटर, व्हॉल्व्ह, पंप यांच्यावर त्याचा फार जीव. वय छत्तीस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला दादा म्हणायचा. यात काही खटकण्यासारखं आहे असं तो जाईपर्यंत मला वाटलं नव्हतं. त्याची बायको स्वप्ना त्यांच्याच गावात अंगणवाडी चालवते. तिचं माहेर साताऱ्याकडचं.

रोज सकाळी सव्वासात वाजता त्याचा मला फोन यायचा. टाकीतून निघणाऱ्या गॅसवर एक मीटर होता, साफ होऊन बाहेर पडणाऱ्यावर दुसरा. दोन्ही आकडे तो मला तोंडी सांगायचा. मी ते माझ्या शीटमध्ये घालायचो आणि संध्याकाळी मी सांगेन तसे आकडे तो प्लांटच्या नोंदवहीत उतरवायचा. तपासनिसांना दोन ठिकाणी दोन आकडे दिसू नयेत म्हणून हा नियम मीच घातला होता.

आकड्यांबरोबर टाकीची खुशालीही यायची. तो तिला म्हैस पाळल्यासारखी पाळायचा.

"दादा, काल वैरण वल्ली पडली, आज जरा रुसलीया."

"मग काय, पाठीवरनं हात फिरव."

"फिरवला की. दुपारपातूर खुलंल बघा."

काका प्लांटवर आले की त्यांचीही तो फिरकी घ्यायचा. काका कडक माणूस. कांदा-बटाटा खात नाहीत, दिवस मावळला की जेवत नाहीत, रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली की लांबनं वळसा घालतात. राजरत्न त्यांना म्हणायचा, "अण्णा, ह्या टाकीत कोट्यानं जीव हायत. एक बी मरू दिला न्हाई म्या." चिखल कुजवतात ते जंतू म्हणजे. काका खरंच खूश व्हायचे आणि हे मंदिरात चार जणांना सांगायचे.

ऑगस्ट लागला आणि दोन मीटरमधलं अंतर वाढायला लागलं. साफ करताना जे कमी होतं ते धरूनसुद्धा गॅस कमी निघत होता. दोन टक्क्यांची तूट मी पहिल्यापासून धरलेली होती. ती तीनावर गेली, मग पाचावर.

"मधी कुठंतरी जातोय, दादा," तो म्हणाला. "खालच्या खड्ड्यात कुजक्या अंड्याचा वास येतोय."

टाकीकडून येणारी पाइप एका ठिकाणी जमिनीखालून जाते. तिथं पाइपमध्ये साठलेलं पाणी सोडायला माणूसभर खोल खड्डा केलेला आहे आणि त्यात एक व्हॉल्व्ह आहे. त्या खड्ड्याबद्दल तो बोलत होता.

आता माझं गणित ऐका. वर्षाची मोजणी एकतीस ऑगस्टला संपणार होती. त्या वर्षाची सगळी क्रेडिट्स मी आधीच विकून मोकळा झालो होतो, माल हातात येण्याआधी, वायद्यावर. दुरुस्ती करायची तर प्लांट तीन दिवस बंद. त्याहून वाईट म्हणजे गळती नोंदवावी लागणार. आमच्याच पाइपमधून एक टन मिथेन निसटला तर नियमानं तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस टनांएवढा धरतात, म्हणजे अठ्ठावीस दाखले वजा. शिवाय तपासनीस विचारणार, कधीपासून गळतंय? मग वर्षभराच्या आकड्यांवर शंका. मी ज्यांना शब्द दिला होता त्यांच्यासमोर माझं नाक कापलं जाणार.

मी राजरत्नला म्हणालो, "अरे, तूट तर असतेच. हळदीलासुद्धा असते. एकतीस तारखेपर्यंत ओढ. एक तारखेला प्लांट बंद करू आणि ती पाइपच बदलून टाकू."

"आन वहीत काय लिवू?"

"दोन टक्के. आणि हे वासाचं वगैरे मला फोनवर सांगत जा, लिहू नकोस कुठं."

"बरं, दादा."

तो बरं म्हणाला, पण रोज सांगायचा थांबला नाही. दहा दिवस, रोज आकडे सांगून झाले की शेवटी, "वास हाय, दादा." मी वैतागायला लागलो. मला ते तक्रारीसारखं वाटायचं, कुणीतरी रोज सकाळी माझ्या चहात मीठ टाकतंय तसं. एकदा मी तोडून बोललो, "राजरत्न, तू मीटर वाचायला आहेस की हुंगायला?" तो हसला. म्हणाला, "मीटर बी तेच सांगतोय की, दादा." वास मोजायचं हातातलं एक यंत्र प्लांटवर होतं, ते जूनमध्ये दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. आलं का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा म्हणालो, येईल.

चौदा तारखेला सकाळी फोन आला. आकडे सांगितले. अंतर सातावर गेलं होतं. आणि मग तो म्हणाला, "पर आज वास न्हाई, दादा. आजाबात न्हाई. वरनं वाकून बगितलं."

मला काय आनंद झाला! मी म्हणालो, "बघ! म्हटलं नव्हतं तुला?"

"तरी एकदा उतरून बगतो. नट ढिला आसंल तर आवळून टाकतो."

"बघ," मी म्हणालो, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

दहाच्या सुमारास कृष्णातचा फोन आला. कृष्णात म्हणजे प्लांटवरचा दुसरा माणूस, पन्नाशीतला. त्याला शब्द फुटत नव्हता. राजरत्न शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता आणि कुणी खालून ओढल्यासारखा खाली गेला, एवढंच मला कळलं. कृष्णात त्याच्यामागं उतरायला निघाला होता, पण प्रेसमड घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला शर्टाला धरून मागं ओढलं. नाहीतर दोन गेले असते.

इस्लामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना समजावून सांगितलं, तेव्हा मी पाण्याच्या फिल्टरशेजारी उभा होतो. हा वायू, हायड्रोजन सल्फाइड, हवेपेक्षा जड, खड्ड्यात बसून राहतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येतो. वाढला की आधी माणसाचं नाक मरतं. वास येत नाही. वास येत नाही म्हणजे गॅस गेला असं माणसाला वाटतं, आणि तो उतरतो.

मी मिथेनचा व्यापार करत होतो. त्याच्या हिशेबाच्या परीक्षेत मी वर्गात दुसरा आलो होतो. त्याच पाइपमधून मिथेनबरोबर येणाऱ्या या वायूबद्दल मला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मी आपटलं नाही. मी बाहेर जाऊन फोनमधली कॉलची यादी बघितली. रोज सव्वासात, दोन मिनिटं, तीन मिनिटं. काय बोललो ते त्यात कुठं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. तो पडला, हे मी कसं विसरू?

काका त्या दिवसापासून खचले. जाळायला नेलं तेव्हा रडले, तीन दिवस जेवले नाहीत. पण वकिलांनी कंपनीचं उत्तर तयार केलं त्यावर सहीही त्यांनीच केली. कोणतीही पूर्वसूचना नव्हती, कामगार परवानगीशिवाय उतरला, असं उत्तर होतं. परवानगी माझ्याकडं मागितली होती आणि मी दिली होती. 'बघ' म्हणून. त्या कागदाच्या दोन प्रती मीच काढल्या. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "असल्या खड्ड्यात उतरायची त्या लोकांना सवय असते, म्हणून निष्काळजीपणा होतो." मी त्याच्यावर ओरडलो. राजरत्न आयटीआयला पहिल्या वर्गात आला होता, हे ओरडून सांगितलं. मग मी मोठा न्यायी माणूस असल्यासारखा खुर्चीत बसलो.

सप्टेंबरच्या तीन तारखेला तपासनीस आले. शीट बघितलं, नोंदवही बघितली. दोन टक्के, दोन टक्के, दोन टक्के, ओळीनं. जेवताना त्यांच्यातल्या मोठ्यानं अपघाताबद्दल हळहळ व्यक्त केली आणि सुरक्षेचा विषय आपल्या कामात येत नाही असं सांगितलं. मग आमटी वाढून घेतली. वर्ष पास झालं. विमान कंपनीला तिचे टन मिळाले.

राहिली स्वप्नावहिनी. तिचा भाऊ साताऱ्याला कारखान्यात आहे, युनियनमध्ये आहे. त्यानं तिच्याकडून अर्ज लिहून घेतला होता. माझ्या नवऱ्यानं दहा दिवस रोज फोनवर ऑफिसातल्या अतिशय यांना, म्हणजे मला, गॅसच्या वासाबद्दल सांगितलं होतं, असं त्यात होतं. शब्दन् शब्द खरा. पण पुरावा तिच्या सांगण्यापलीकडं काही नव्हता, आणि तिनं तरी काय, नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. चौकशीची तारीख बुधवारी होती.

त्याच्या आदल्या सोमवारी क्षमावणी आली. भाद्रपदात आम्हा जैनांचे दहा दिवस व्रताचे असतात, उपास, पूजा, प्रवचन. ते संपले की क्षमावणी. त्या दिवशी लोक एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात आणि म्हणतात, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरचा क्षमा करतो आणि मग तोही तुमची क्षमा मागतो. दोन्ही बाजूंनी मागायची, अशी रीत आहे. हल्ली बरेच जण फोनवर फुलांचं चित्र पाठवून उरकतात. काका उरकत नाहीत. दरवर्षी हमालांच्यासुद्धा घरी जातात.

"राजरत्नच्या घरी जायचं," ते सकाळी म्हणाले. "तू चल."

वकिलांनी हे सुचवलेलं नव्हतं. काकांच्या बाजूनं एवढं मी सांगतो. त्यांना खरंच क्षमा मागायची होती. दहा दिवसांच्या उपासांनी त्यांचा चेहरा ओढला होता.  गाडीत, आष्टा मागं पडल्यावर, ते म्हणाले, "अतिशय, तुला काही बोलला नव्हता ना रे तो?"

विचारलं तेच असं की त्याला नाही हेच उत्तर बसावं.

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं," ते म्हणाले आणि खिडकीतून ऊस बघत बसले. मला त्यांचा राग आला. एकदा गाडी थांबवून, माझ्या दंडाला धरून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

घर गावाच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं, पुढं पत्रा. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली राजरत्नचा नवा फोटो, प्लांटच्या टोपीतला. टाकीपुढं उभा राहून कृष्णातकडून काढून घेतलेला. स्वप्नावहिनी दारातच होती. आत राजरत्नची आई, लक्ष्मीबाई, भिंतीला टेकून बसली होती. वहिनीनं सतरंजी टाकली, पाणी आणलं. काका बाहेर कुणाच्या घरी पाणी घेत नाहीत, गाळलेलं स्वतःचं बरोबर असतं. तिथं त्यांनी पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायले.

मग ते उठून उभे राहिले आणि सत्तर वर्षांच्या त्या माणसानं तिच्यापुढं हात जोडले. "स्वप्ना, आज आमचा क्षमा मागायचा दिवस. माझ्या प्लांटवर तुझं माणूस गेलं. कळत-नकळत आमच्या हातून जे चुकलं असेल, त्याची क्षमा कर, पोरी." 

 लक्ष्मीबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"बसा, अण्णा," वहिनी म्हणाली. "तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमी हितं कुठं हुता? तुमाला काय म्हाईत?" मग ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "दादा, तो रोज सांजचं घरला आला की मी इचारायची, वासाचं सांगितलं का? तो म्हणायचा, सांगितलंय, दादा बगत्यात. रोज. आता अण्णा म्हणलं, कळत-नकळत. दोन्ही नगं मला. तुमी एकच सांगा. कळत का नकळत?"

काका माझ्याकडं बघायला लागले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. लोक अशा वेळी म्हणतात की मला कामगारांचे संसार आठवले, कंपनी बंद पडली तर साठ माणसं कुठं जातील. माझ्या मनात साठ माणसं आली नाहीत. मी आलो. मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलोय आणि आई डबा घेऊन आलीय, एवढंच दिसलं. आणि दिसलं की मी 'कळत' म्हणालो तर या बाईकडं काहीतरी शिल्लक राहील. माणूस नाही, पण त्याच्यावरचा विश्वास तरी. दोन्ही मला अगदी स्वच्छ दिसलं. विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मला म्हणता येत नाही.

"नकळत, वहिनी," मी म्हणालो. "वासाचं तो मला काहीच बोलला नव्हता. नुसते आकडे सांगायचा."

मला वाटलं ती ओरडेल. खोटं बोलतोस म्हणेल, अंगावर धावून येईल. मी त्याची तयारी करून बसलो होतो, दोन वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. ती ओरडली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिचे खांदे खाली आले.

"सांगितलंच न्हवतं?"

"नाही."

"एकदा बी न्हाई?"

"नाही, वहिनी."

ती भिंतीशी बसली. "तो म्हणायचा, दादा लय सरळ मानूस हायत," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "मग तुमी कशाला खोटं बोलचीला?"

 लक्ष्मीबाई म्हणाली, "भित्राच हुता गं तो पयल्यापासनं. साळंत पाटी फुटली तर मास्तरला सांगाय भ्यायचा. मोठ्या मानसापुढं तोंड उघडायचं म्हंजे त्याला..." 

राजरत्न भित्रा नव्हता. मी तोडून बोललो त्या दिवशीसुद्धा तो हसून म्हणाला होता, मीटर बी तेच सांगतोय. त्याची आई माझ्यासमोर बसून त्याला भित्रा ठरवत होती, कारण दुसरं काही तिला सुचत नव्हतं. मी ऐकत होतो.

"आत्ती, मला तरी सांगायचं हुतं," वहिनी म्हणाली. आता तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावर नव्हता. "रोज मला थाप मारली. दहा दिस. मी म्हणलं आस्तं, तुला सांगवंना तर मी फोन करते. मी गेली आस्ते हापिसात. मला का फसवलं त्यानं?" ती फोटोकडं बघून हे बोलली. मग तिनं मान फिरवली आणि पुन्हा तिकडं बघितलं नाही.

काका हळूच म्हणाले, "जाऊ दे, पोरी. गेलेल्या माणसावर राग धरू नये."

"न्हाई धरत," ती म्हणाली. पण धरला होता. पदरानं तोंड पुसून ती उठली. "अण्णा, क्षमा केली म्या. भावाला फोन करून सांगते, अर्ज मागं घेते म्हणून. खोट्या बोलण्यावर कुणाला गुतवायचं न्हाई मला."

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीवरून मोठं ओझं उतरल्याचं दिसलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी उठलो. दाराकडं दोन पावलं गेलोही असेन. तेवढ्यात वहिनी पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिनं हात जोडले, काकांनी जोडले होते तसेच.

"दादा, तुमच्यात दोन्हीकडनं मागायची आस्ती म्हणं क्षमा. तो सांगायचा. तुमचं नाव घातलं हुतं म्या अर्जात. सगळ्या गावात बोलली मी तुमच्याबद्दल, नगं ते बोलली. माझं चुकलं. मला क्षमा करा."

  बाहेर कुणीतरी शेळीला हाक मारत होतं. काका माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरेत कौतुक होतं, त्या बाईचं आणि माझंही. बोल की, असं त्यांनी मानेनं खुणावलं.

मी हात जोडले आणि म्हणालो, "केली, वहिनी."